लाल रेघ आणि दहावी ‘ब’

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दहावीच्या दोन्ही तुकड्यांना मी एकच काम दिलं. नागपूरला राहणाऱ्या मावसबहिणीला इंग्रजीत पत्र लिहायचं आणि आपल्याकडे यंदा पावसाचं कसं आहे ते कळवायचं. दोन तुकड्या मिळून ११२ वह्या टेबलावर आल्या. एका वहीला पाच मिनिटं धरली तरी ५६० मिनिटं, म्हणजे नऊ तासांच्या वर. त्यात नववीच्या वह्या वेगळ्या, घरचं काम वेगळं. मी वह्या परत दिल्या तेव्हा बारा दिवस उलटले होते. पाऊस येऊन गेला होता, गावात बऱ्याच जणांची दुबार पेरणीही उरकली होती आणि आपण पत्रात काय लिहिलं होतं ते पोरं विसरून गेली होती. त्यांनी वही उघडली, गुण पाहिले आणि मिटून दप्तरात टाकली.

त्या गठ्ठ्यात ‘ब’ तुकडीतल्या एका मुलीचं वाक्य होतं: ‘व्हेन रेन डिड नॉट केम, माय फादर्स फेस केम डाउन.’ मी ‘केम’खाली लाल रेघ मारून वर ‘कम’ लिहिलं, ‘फेस केम डाउन’खाली दोन रेघा ओढून प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढची वही घेतली. नीट वाचलंच नाही मी ते वाक्य तेव्हा.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मधे तुरीचे तास. मराठी माध्यम. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे दहावीत येईस्तोवर पोरानं नऊ वर्षं इंग्रजी शिकलेली असते. वाचायला दिलं तर अडखळत का होईना वाचतात. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून लिहितात. स्वतःच्या मनातलं चार ओळी लिहा म्हटलं की मात्र पेन थांबतो. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात पत्र, बातमी, संवाद असं लिहावं लागतं, आणि तिथेच आमच्या पोरांचे गुण जातात. पण मला गुणांपेक्षा जास्त लागत असे ते हे की ज्या पोराला बैलाच्या आजारावर मराठीत अर्धा तास बोलता येतं, त्याच्या इंग्रजी वहीत ‘काऊ इज अ युजफुल ॲनिमल’ याच्यापलीकडे काही नसतं.

लाल पेनानं खरंच काही होतं का, हा वाद जुना आहे. जॉन ट्रस्कॉट या अभ्यासकानं १९९६ मध्ये लिहिलं की परकी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करत बसणं निरुपयोगी आहे, उलट त्यानं नुकसान होतं, तेव्हा ते बंदच करावं. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं. दुरुस्ती निवडक असेल, स्पष्ट असेल, मुलाला समजेल अशी असेल तर तिचा उपयोग होतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या ११२ वह्या आठवल्या. माझी दुरुस्ती ना निवडक होती, ना वेळेवर. एकेका पानावर वीस-वीस लाल खुणा. त्या बघून पोराला एवढंच कळत असेल की आपल्याला इंग्रजी येत नाही.

संगणकाकडे मी वळले ती त्या बारा दिवसांमुळे. चूक केल्यावर लगेच, वाक्य अजून डोक्यात ताजं असताना कोणी खूण दाखवली तर? हा विचारही काही नवा नाही. अमेरिकेत एलिस पेज नावाचे गृहस्थ होते, आधी हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. निबंध तपासण्याचं ओझं शिक्षकाच्या डोक्यावरून उतरावं म्हणून त्यांनी १९६६ मध्ये संगणकाकडून निबंध तपासून घेण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा निबंध छिद्रांच्या कार्डांवर उतरवून संगणकात घालावे लागत. पुढे १९९९ मध्ये व्यवस्थापन शिक्षणाच्या ‘जीमॅट’ या मोठ्या परीक्षेत ‘ई-रेटर’ नावाची प्रणाली माणसाच्या जोडीनं निबंधांना गुण देऊ लागली. पेज यांच्याबद्दल वाचताना त्यांच्या यंत्रापेक्षा त्यांचा वह्यांचा गठ्ठा मला जवळचा वाटला.

आमच्या संगणक कक्षात दहा संच आहेत, शासनाच्या योजनेतून काही वर्षांपूर्वी आलेले. सात चालतात. इंटरनेट असून नसल्यासारखं. म्हणून मला असं काहीतरी हवं होतं जे नेटशिवाय चालेल आणि फुकट असेल. ‘लँग्वेजटूल’ नावाचं, लेखनातल्या चुकांखाली रेघ दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर सापडलं. जर्मनीतल्या डॅनियल नाबर यांनी २००३ मध्ये आपल्या विद्यापीठातल्या प्रबंधातून ते सुरू केलं होतं. ते एकदा उतरवून घेतलं की संगणकावरच चालतं. यवतमाळला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं पेनड्राइव्हवर सगळं आणून दिलं, आणि एका रविवारी आम्ही दोघांनी सातही संचांवर टाईप करण्यासाठी ‘लिबरऑफिस’ आणि त्याच्या जोडीला हे बसवलं. मुख्याध्यापकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास आणि बुधवारची एक तासिका दिली. आधी फक्त ‘ब’ तुकडी घ्यायची असं ठरलं.

पहिल्या दिवशी व्याकरणापर्यंत पोचलोच नाही. पोरांना टाईप करता येत नव्हतं. हातात मोबाइल घेतला की बोटं झरझर चालतात, पण कीबोर्डवर ‘क्यू’ शोधण्यातच मिनिट जायचं. पस्तीस मिनिटांत चाळीसएक शब्द. मला वाटलं, गेला आपला बेत. मग दुसऱ्या शनिवारी काम वाटून दिलं. आधी वहीत हातानं लिहायचं, मग तिघांच्या गटानं एका संगणकावर बसायचं. ज्याचं लेखन आहे त्यानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं, तिसऱ्यानं पडद्यावर नजर ठेवायची. यातून एक गोष्ट आपोआप झाली. वाचणारा मधेच थांबून म्हणायचा, ‘थांब, इथं काहीतरी राह्यलं.’ संगणकानं खूण दाखवायच्या आधीच स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानावर पडत होतं. नऊ वर्षांत या पोरांनी आपलं इंग्रजी असं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी जे वाचलं ते कायम पुस्तकातलं, दुसऱ्याचं.

लाल-निळ्या रेघा उमटायला लागल्या तशी कक्षात एकदम गलबला झाला. ‘मॅडम, हे लाल काहून दाखवून राह्यलं?’ म्हणत एक मुलगा उठून आला. त्यानं ‘पोळा’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. ‘पोळा त सगळ्याईले मालूम हाय.’ मी त्याला सांगितलं की या संगणकात जो इंग्रजी शब्दसंग्रह आहे त्यात पोळा नाही. लाल रेघेचा अर्थ ‘हे चूक आहे’ असा नसतो, ‘हे मला माहीत नाही’ असा असतो. त्यानं तेच वाक्य आपल्या गटाला जाऊन सांगितलं. पुढच्या सबंध वर्षात मला ते बऱ्याचदा उपयोगी पडलं.

रेघ उमटते कशी, हेही मी त्यांना थोडक्यात सांगितलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये माणसांनी लिहून ठेवलेले नियम असतात. ‘डिड नॉट’ आलं आणि पुढचं क्रियापद भूतकाळी रूपात आलं, की तो नियम लागू होतो. एकदा हे कळल्यावर पोरांना रेघेची भीती राहिली नाही. ‘डिड नॉट वेन्ट’, ‘डिड नॉट केम’, ‘डिड नॉट सॉ’ अशी एका शनिवारी फळ्यावर चौदा वाक्यं जमली, सगळी त्यांचीच. मराठीत ‘गेलो नाही’, ‘आला नाही’ असं म्हणताना भूतकाळ क्रियापदातच असतो, म्हणून पोरगं ‘वेन्ट’ लिहितं. इंग्रजीत तो भूतकाळ ‘डिड’नं आधीच उचललेला असतो. मी म्हटलं, बंडीला एक बैलजोडी जुंपलेली असताना दुसरी कशाला जुंपायची? त्या दिवसानंतर हा नियम मला पुन्हा सांगावा लागला नाही. पोरंच एकमेकांना म्हणायची, ‘दुसरी जोडी सोड.’

दुसरी जी गोष्ट मला सापडली ती आमच्या बोलीतली. पोरांच्या लेखनात ‘आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे’, ‘माय मदर इज कुकिंग डेली’ अशी वाक्यं फार. रेघ उमटायची, बाजूच्या चौकटीत इंग्रजीतून सांगितलेला काळाचा नियम यायचा, पण तो कोणालाच वाचून समजत नव्हता. मीही इतकी वर्षं ‘चालू वर्तमानकाळ, साधा वर्तमानकाळ’ असंच शिकवत आले होते. त्या दिवशी सहज तोंडातून निघून गेलं, ‘मी रोज शाळेत जाऊन राह्यलो, असं म्हणतो का आपण?’ सगळे एकदम म्हणाले, ‘नाही मॅडम, जातो म्हणतो.’ ‘आणि आत्ता रस्त्यानं जाताना कोणी विचारलं, तर?’ ‘शाळेत जाऊन राह्यलो!’ झालं. ‘जाऊन राह्यलो’ तिथे ‘ॲम गोइंग’, ‘जातो’ तिथे ‘गो’. पुस्तकी मराठीत ‘मी जात आहे’ असं आहे खरं, पण ते आमच्या पोरांच्या तोंडात नाही. वऱ्हाडीत जे आहे ते इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. चूक कुठे आहे हे संगणकानं दाखवलं, ती का झाली याचं उत्तर मात्र पोरांच्या बोलीत होतं. ज्या बोलीबद्दल शाळेत कायम ‘नीट बोला’ असंच ऐकू येतं, तिच्याच आधारानं इंग्रजीचा काळ समजावता आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण ऑगस्टच्या अखेरीला माझ्या ध्यानात आलं की गाडी भलतीकडेच चालली आहे. रेघ दिसली की पोरं उजवं बटण दाबायची, पहिला पर्याय निवडायची आणि रेघ गेली की टाळ्या. पंधरा मिनिटांत पान स्वच्छ. मग मी संगणक बंद करून तेच पत्र वहीत पुन्हा लिहायला सांगितलं, आणि वहीत ‘डिड नॉट वेन्ट’ वगळता जवळपास सगळ्या जुन्या चुका परत आल्या. पान सुधारत होतं, पोरगं होतं तिथेच होतं.

त्यातून तीन रकान्यांची वही निघाली. पहिल्या रकान्यात मी काय लिहिलं, दुसऱ्यात संगणक काय म्हणतो, तिसऱ्यात मी काय करणार आणि का. बटण दाबून दुरुस्ती करायची नाही. रेघ बघायची, वहीत उतरवायची, वाक्य हातानं पुन्हा लिहायचं. एका लेखनातल्या तीनच रेघा निवडायच्या, बाकीच्या त्या दिवशी सोडून द्यायच्या. आणि तिसऱ्या रकान्यात ‘बदलणार नाही’ असं लिहायची पूर्ण मुभा, पण कारण द्यावं लागेल. पहिल्यांदा ‘बदलणार नाही’ लिहिलं ते पोळावाल्यानंच. कारण: ‘कारण की पोळाले इंग्रजी नाव नाही.’ मी त्याखाली बरोबरची खूण केली.

नकार द्यायला पोरं लवकर शिकत नाहीत. शाळेत छापलेलं आणि पडद्यावर दिसणारं बरोबरच असतं, असं ती धरून चालतात. एका मुलानं सलग दोन आठवडे तिसऱ्या रकान्यात फक्त ‘हो’, ‘हो’, ‘हो’ असंच लिहिलं होतं. मी त्याच्या शेजारी बसून एकेका ‘हो’चं कारण विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, ‘मॅडम, त्याले जास्त येते न.’ मी म्हटलं, नियम त्याला जास्त माहीत आहेत. तुझ्या शेतात काय झालं ते त्याला माहीत नाही.

सप्टेंबरमध्ये माझ्या मोबाइलचं नेट वापरून एक मोफत संकेतस्थळही करून पाहिलं. लेखन टाकलं की ते पातळी सांगायचं. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत, ए-१पासून सी-२पर्यंत. त्यातली आपली कोणती, ते पडद्यावर यायचं. पोरांना हे भलतंच आवडलं, क्रिकेटच्या धावफलकासारखं. पण आठवडाभरातच त्यांनी हेरलं की लेखन लांब केलं आणि मोठाले शब्द घातले की पातळी चढते. ‘ॲज वी ऑल नो’, ‘इन धिस मॉडर्न एरा’ अशी वाक्यं पत्रात आली. मावसबहिणीला लिहिलेल्या पत्रात! या गोष्टीवर परदेशातही बोट ठेवलं गेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम केला. तो काहीच अर्थ नसलेले, पण भारदस्त शब्दांनी भरलेले निबंध तयार करायचा, आणि निबंध तपासणारी यंत्रं त्यांना उत्तम गुण द्यायची. आम्ही पातळी बघणं बंद केलं. पोरं नाराज झाली, पण त्यावर मी ठाम राहिले.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी सगळ्यांना जुलैचं तेच पत्र पुन्हा काढायला लावलं. एव्हाना माझ्या फोनवर एआयवर चालणारं लेखन सुधारणारं एक ॲप होतं आणि प्रत्येक गटाला मी त्यावर एकेक परिच्छेद तपासून देत होते. या ॲपला नुसती रेघ मारणं जमत नव्हतं, ते सगळं वाक्यच नवं करून द्यायचं. तिच्या वाक्याच्या जागी आलं: ‘माय फादर बिकेम सॅड ड्यू टू लॅक ऑफ रेनफॉल.’ चूक एकही नाही. तिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, मी त बाबाचं तोंड उतरलं असं लिवलं होतं. हे त पेपरातल्यावानी झालं.’

तेव्हा मला ते वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. ‘फेस केम डाउन’. तोंड उतरलं. जुलैमध्ये मी तिथे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी सगळ्या तुकडीला विचारलं, ‘तोंड उतरलं’ म्हणजे काय? ‘दुःख झालं’ असं कोणीतरी म्हणालं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘नाही, दुःख मनात ऱ्हायते. तोंड उतरलं म्हणजे बाहेरच्याले दिसलं.’ आणखी एक जण म्हणाली, ‘आधी आशा असते, मग जाते, तवा तोंड उतरते.’ व्याकरणाच्या कोणत्याच तासाला एवढं बोलणं झालं नव्हतं. तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयातला जाड इंग्रजी शब्दकोश मागवला आणि त्या मुलीलाच ‘फेस’ हा शब्द काढायला सांगितला. बोट ओळीवरून खाली खाली गेलं. एका ठिकाणी थांबलं. तिथे होतं की एखाद्याचा ‘फेस फॉल्स’ म्हणजे त्याची निराशा त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तिनं ते दोनदा वाचलं. इंग्रजीतही तोंड उतरतं. फक्त त्यांच्याकडे ‘केम डाउन’ म्हणत नाहीत, ‘फॉल’चं भूतकाळी रूप ‘फेल’ म्हणतात.

तिनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘व्हेन द रेन डिड नॉट कम, माय फादर्स फेस फेल.’ आणि कारण: ‘कारण मी पाहिलं होतं.’

या एका वाक्यात माझ्या वर्षभराच्या खटाटोपाचं सगळं सार आहे असं मला वाटतं. ‘डिड नॉट केम’ ही चूक होती, ती नियमानं पकडली आणि ते बरोबर झालं. ‘फेस केम डाउन’ ही मात्र चूक नव्हती. तिच्या मनातली गोष्ट अर्ध्या वाटेपर्यंत इंग्रजीत पोचली होती, पुढची वाट दाखवणारं कोणी हवं होतं. एआयवर चालणारी साधनं अमाप मजकुरातून शिकलेली असतात आणि सहसा जे लिहिलं जातं त्याकडेच वाक्याला ओढतात. म्हणून बापाचा चेहरा जातो आणि ‘लॅक ऑफ रेनफॉल’ येतं. आणि हे फक्त यंत्राचंच नाही. घाईत वही तपासताना मीही त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्याच होत्या. फरक इतकाच की ऑक्टोबरात माझ्याकडे थांबायला वेळ होता, कारण ‘केम’ आणि ‘कम’चं काम दुसरं कोणीतरी करत होतं.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते. वर्गात निम्मी बाकं रिकामी. मोठी मुलं-मुली वेचणीला जातात, घरी माणूस कमी असतं. हंगाम त्यांच्या घराचा आहे, त्यावर मी कधी बोलत नाही. एक मुलगा तीन आठवड्यांनी आला तो मोबाइलवरून उतरवलेलं पत्र घेऊनच. ‘आय फर्व्हेंटली होप’ वगैरे. मी त्याला फक्त ‘फर्व्हेंटली’ म्हणजे काय ते विचारलं. मान खाली. ‘मॅडम, मागचं बुडालं होतं, म्हणून चॅटबॉटकून लिवून घेतलं.’ रागवावं असं त्यात मला काही दिसलं नाही. मी त्याला तीन आठवडे काय केलं ते सांगायला लावलं. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन वडिलांसोबत रात्र काढली होती त्यानं, रांगेत, गाडीखाली झोपून. त्यातली सहा वाक्यं त्यानं इंग्रजीत केली, मोडकीतोडकी. मग आम्ही दोघांनी त्याच्याच फोनवर चॅटबॉटला मराठीत लिहिलं: ‘मी दहावीचा विद्यार्थी आहे. माझं वाक्य बदलू नको. कोणत्या वाक्यात चूक आहे ते फक्त सांग आणि मला एक प्रश्न विचार.’ कधीकधी ते विसरून उत्तर देऊन टाकायचं, पण बहुतेक वेळा ऐकायचं. ‘दुसऱ्या वाक्यात ही गोष्ट कधी घडली, काल की रोज?’ असा प्रश्न आला की तो विचार करायचा. हा मजकूर मी कागदावर छापून सगळ्यांच्या वहीत चिकटवला. त्याच कागदावर एक सूचना आणखी होती: घरातल्या कोणाचं नाव, कर्ज, आजारपण असं काही फोनवर टाईप करायचं नाही, ते वहीतच ठेवायचं. अशी काही पानं मला वाचायला मिळाली, ती मी फक्त वाचली. तपासली नाहीत.

काय सुधारलं आणि काय नाही, ते सरळ सांगते. ‘डिड’च्या पुढची चूक जवळपास गेली. ‘जाऊन राह्यलो’चं कोडं सुटलं. ‘माय फादर ही इज’ असा दुहेरी कर्ता कमी झाला. पत्रं लांब झाली, आणि भर घालून नाही, सांगण्यासारखं होतं म्हणून. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोरं दुसऱ्यांदा लिहायला लागली. त्याआधी माझ्या वर्गात एकही लेखन कोणी दोनदा लिहिलेलं नव्हतं. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मात्र तसंच राहिलं. मराठीला उपपदं नाहीत, त्यामुळे ‘द’ कुठे लागतं आणि कुठे नाही याची जाणीव कानाला होत नाही, आणि नियम सांगायला गेलं तर अपवादच जास्त. रेघ उमटली की पोरं ‘द’ घालतात, पुढच्या वाक्यात विसरतात. यंदा नववीपासूनच गोष्ट मोठ्यानं वाचून घ्यायची, नुसती ‘द’ ऐकायची, असं ठरवलं आहे.

‘अ’ तुकडीला मी हे सगळं देऊ शकले नाही, याची रुखरुख आहे. सात संचांवर एकच तुकडी मावते, आणि दुपारी लाइन गेली की इन्व्हर्टरवर दोनच संच चालतात.

मार्चमध्ये, दहावीचा पेपर झाल्यावर, ‘ब’मधली आठ-नऊ मुलं-मुली शाळेत आली. मीच बोलावलं होतं. सातही संगणकांच्या शब्दसंग्रहात नवे शब्द घालायचे होते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोरांना लाल रेघ दिसणार नाही. प्रत्येकानं आपापल्या वहीतून यादी आणली होती: पोळा, तूर, बंडी, डवरा, पऱ्हाटी, सरकी, सीतादही, राळेगाव, शिवाय आपापल्या गावांची नावं. ‘शब्दकोशात घाला’वर टिचकी मारली की रेघ जायची आणि कोणीतरी पुढचा शब्द वाचायचं. ‘वखर’पाशी अडलं. पहिलं अक्षर व्ही की डब्ल्यू, यावर दोन गट पडले. एका बाजूला ‘व्हिलेज’, दुसऱ्या बाजूला ‘वर्धा’ आणि ‘वॉटर’, आणि दोघांकडेही कारणं होती. पाऊण तास झाला तरी कोणी ऐकेना. शेवटी पत्रवाल्या मुलीनं दोन्ही स्पेलिंगं घातली, सातही संचांवर, आणि लाइन जायच्या आत शेवटचा संगणक बंद केला.